घों की घूं

नवऱ्याची बदली नागपूरला झाली, तेव्हा तो दोन बॅगा, एक छोटा कुकर आणि माझी आवडती उशी घेऊन गेला. गाडी मात्र ठेवून गेला. "तिकडे ऑफिस चालत पाच मिनिटांवर आहे, तू वापर," म्हणाला. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि कोथरूडच्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवत होते. लायसन्स माझ्याकडे वीस वर्षं होतं, पण ते पर्समध्ये. एरवी मी स्कूटरवाली. शाळा, भाजी, बँक, सगळं स्कूटरवर. चारचाकीत मी कायम डाव्या बाजूला बसले आणि तिथून सूचना केल्या.

महिनाभर रोज सकाळी सहाला सोसायटीभोवती चकरा मारून मी गाडीवर हात बसवला. मार्च संपेपर्यंत शाळेत गाडीनं जाऊ लागले. मोठा अभिमान वाटत होता. तो एप्रिलमधल्या एका दुपारी उतरला.

शाळेतून आले, गाडी लावली, किल्ली काढली, दार लोटलं, आणि गाडी बंद झालीच नाही. पुढून घुमल्यासारखा आवाज येतच राहिला. मी परत आत बसले, किल्ली घातली, फिरवली, काढली. आवाज आपला चालू. वॉचमन आला. "मॅडम, गाडी चालूच ऱ्हायली तुमची," म्हणाला. म्हटलं, "किल्ली माझ्या हातात आहे." त्यानं किल्लीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरकला.

मी नागपूरला फोन लावला.

"अगं, तो पंखा असतो. थांबेल आपोआप," नवरा म्हणाला.

"पण इंजिन बंद केल्यावर पंखा कशाला हवाय त्याला?"

"थांबतो तो."

"का चालतो ते विचारतेय मी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मला मीटिंग आहे." अकरा वर्षं त्यानं ती गाडी चालवली होती, आणि हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता, हे मला त्या मीटिंगवरून कळलं.

दोन-तीन मिनिटांनी आवाज थांबला. तो आपला आपण थांबला याची मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं, तर शास्त्र शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "शनिवार पेठेत एक चाचा आहेत. आमची गाडी वीस वर्षं त्यांच्याकडेच आहे. फक्त त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका."

रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, मी शनिवार पेठेत गेले. गल्ली अशी, की एक गाडी आत गेली की समोरच्यानं विचार करावा. गॅरेज म्हणजे एका दुमजली घराचा खालचा भाग. आत एक गाडी मावेल एवढी जागा, दुसरी आली तर तिनं रस्त्यावर उभं राहायचं. दाराशी तेलाच्या रिकाम्या पिंपात लिंबाचं झाड लावलेलं. वरच्या मजल्यावर राहतं घर, खिडक्यांना मोठ्या फुलांचे पडदे. त्यांचे आजोबा तिथं टांग्याची चाकं दुरुस्त करायचे, वडील सायकली आणि स्कूटरी, हे स्वतः मोटारी. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एक सत्तरी ओलांडलेले, बारीक अंगाचे, पांढरी दाढी नीट कातरलेले गृहस्थ स्टुलावर बसून चहा पीत होते.

"गाडी बंद केल्यावरही आवाज येतो," मी म्हटलं.

त्यांनी डावा हात कानामागे धरला. मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

"बरं मग?"

"मग म्हणजे? बंद केल्यावर कसा येईल?"

"तुम्ही स्वयंपाक झाल्यावर गॅस बंद करता. कुकर लगेच गार होतो का?"

"नाही."

"मग गाडी कशी होईल? उन्हातनं आलात, इंजिन तापलेलं आहे, आतलं पाणी तापलेलं आहे. पंखा त्याला थोडा वेळ वारा घालतो आणि थांबतो. काही गाड्यांत असतं तसं. तुमची गाडी शहाणी आहे. एवढं सांगायला कोथरूडहून आलात?"

मी उठले. खरंतर मला हसू येत होतं, पण चेहरा पडला असावा, कारण ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "बसा. आलाच आहात तर बघू. एसी लावा, गाडी चालू करा."

मी गाडी चालू केली. त्यांनी बॉनेट उघडलं, पण आत वाकून ऐकलं नाही. पुढच्या पत्र्यावर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. मग मला म्हणाले, "या इकडे. काय ऐकू येतंय?"

"आवाज."

"तो मलाही माहीत आहे. कसला?"

"घों घों असा."

"घों की घूं? आधी ठरवा."

मी मराठीची शिक्षिका. पंचवीस वर्षं मुलांच्या निबंधांत लाल शाईनं 'नेमका शब्द शोधा' असं लिहीत आले, आणि आता माझ्याकडे शब्द नव्हता. मी पुन्हा ऐकलं. "घूं," मी म्हटलं. "सरळ. मध्ये तुटत नाही."

"मग ठीक आहे. घों असता तर आत काही हललं आहे असं समजलो असतो."

त्यांना स्वतःला ते ऐकू येत नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं इंजिनांच्या तोंडाशी कान लावून कान गेले होते. समोर बघून बोललं तर बोलणं कळायचं, बारीक आवाज पार गेलेले. कानाचं यंत्र होतं, ते वर कपाटात असायचं. "ते यंत्र सगळंच मोठं करतं," ते म्हणाले. "पंखाही आणि गल्लीतली रिक्षाही. मला त्यातलं निवडता येत नाही." म्हणून ते हातानं ऐकायचे, आणि गाडीच्या मालकाला विचारायचे. पण मालक लोक म्हणत, 'कसातरीच आवाज येतो.' कसातरीच या शब्दाचा त्यांना फार राग होता.

"तुम्ही करता काय?" त्यांनी विचारलं.

"शाळेत मराठी शिकवते."

"मग बरोबर. बाई, पुढच्या रविवारी या. गाडी थंड असताना या, म्हणजे सकाळी लवकर. तुमच्या पाण्याच्या टाकीत काहीतरी गडबड दिसतेय."

त्या दिवसापासून मी त्यांची बाई झाले आणि ते माझे चाचा.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बॉनेटखाली काय काय असतं ते दाखवलं. मी वही नेली होती. ती बघून त्यांनी माझ्यासाठी दुसरं स्टूल पुसलं. इंजिनाच्या कडेला एक अर्धवट पारदर्शक प्लास्टिकची बाटली होती, तिच्यावर दोन रेघा. खालची रेघ म्हणजे याच्या खाली जाऊ देऊ नका, वरची म्हणजे याच्या वर भरू नका. त्या बाटलीत हिरवं किंवा गुलाबी पाणी असायला हवं. आमच्या बाटलीत तपकिरी होतं.

"हा चहा कोणी केला?" चाचांनी विचारलं.

मी नवऱ्याला फोन करून विचारलं. कमी झालं की तो सोसायटीच्या नळाचं पाणी घालायचा. नळाला बोअरचं पाणी. चाचांनी हे ऐकलं आणि त्या बाटलीवर बोटानं टिचकी मारली. मग म्हणाले, "साहेब चहाला साखर घालतात का विचारा."

ते सगळं काढून, आतून धुऊन, नवीन कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ते रंगीत पाणी, भरायला दोन तास लागले. ते काम त्यांनी केलं आणि मला प्रत्येक गोष्ट हातात धरायला लावली. साधं पाणी घातलं की आत गंज धरतो, क्षार साचतात, बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि बॅटरीला वापरतात ते शुद्ध पाणी, दोन्ही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचं. एका रंगाचं दुसऱ्या रंगात मिसळायचं नाही. आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि उजवी बाही वर करून मनगटापासून कोपरापर्यंतचा जुना, चकाकणारा व्रण दाखवला. "विसाव्या वर्षी मला घाई होती," एवढंच म्हणाले.

इंजिन ऑइल बघायची पट्टी मला सगळ्यांत आवडली. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून थोडं थांबायचं, पट्टी ओढून काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग काढून बघायची. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोन खुणांच्या मध्ये तेल असलं की झालं. मी पट्टी उजेडाकडे धरून बघत होते, तेवढ्यात वरच्या खिडकीतून चाचांच्या बायकोनं, म्हणजे चाचींनी, हाक मारली, "अहो, त्या बाईंना ताप आहे का? थर्मामीटर बघताय जणू." गोऱ्या, ठेंगण्या, हसल्या की डोळे मिटणाऱ्या चाची. थोड्या वेळानं त्या खाली बशीभर नानकटाया ठेवून गेल्या. गॅरेजात मात्र थांबल्या नाहीत. तेलाच्या वासानं डोकं दुखतं, म्हणाल्या.

ब्रेक ऑइलची छोटी डबी, काच धुवायच्या पाण्याची टाकी, सगळं पाहून झालं. काचेच्या पाण्याची टाकी मी स्वतः भरली आणि चाचा म्हणाले, "यात मात्र चुकायला काही नाही. तरी लोक यात कूलंट घालतात." ब्रेक ऑइल मात्र कमी दिसलं तर नुसतं वरून ओतायचं नाही, ते का कमी झालं ते आधी शोधायचं. मी लिहून घेतलं.

चार रविवारांत माझी वही भरली. पण खरं शिकणं झालं ते आवाजांचं. पंख्याला दोन आवाज असतात, एक हळू फिरतानाचा, एक जोरात फिरतानाचा. एसी लावला की पहिला लगेच येतो. उन्हात, सिग्नलला गाडी थांबून राहिली की थोड्या वेळानं दुसरा येतो, आणि आतलं पाणी निवलं की पहिल्यावर उतरतो. हे ऐकत जायचं. खरखर आली तर पंख्याच्या मोटरीचं बेअरिंग झिजलं असेल. बारीक चीं आली, तीही गाडी सुरू करतानाच, तर तो पंखा नसून इंजिनावरचा पट्टा आहे. घासल्यासारखा आवाज आला तर पात्याला काहीतरी लागतंय. "आणि वाईटातला वाईट आवाज कुठला?" चाचांनी मला परीक्षेतल्यासारखं विचारलं. मी खरखर म्हटलं. त्यांनी मान हलवली. "गाडी तापलीय आणि पंखा गप्प आहे, तो."

मग मी जाता-येता ऐकू लागले. शाळेच्या फाटकाशी, पेट्रोल पंपावर, सोसायटीत. दुसऱ्यांच्या गाड्याही ऐकू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना मी जिन्यात थांबवून सांगितलं, की तुमच्या गाडीची खरखर बरी नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं तसं कोणी बघितलं तर मी पूर्वी गप्प बसले असते. महिन्यानं त्यांनी मोटर बदलली आणि जिन्यात स्वतःहून थांबून मला तसं सांगितलं.

मे महिन्यात चाचांनी मला कामालाच लावलं. एक डॉक्टरीण बाई गाडी घेऊन आल्या. टिकटिक असा आवाज, तीन ठिकाणी दाखवून झालेली, कोणाला सापडत नव्हता. चाचा म्हणाले, "माझे कान आज आलेले आहेत," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरीण बाईंनी माझ्या कॉटनच्या साडीकडे बघितलं.

मी बॉनेटजवळ उभी राहिले. गाडी चालू. काही नाही. चाचा म्हणाले, "एसी." एसी लावल्यावर टिक... टिक... टिकटिकटिक. मी डॉक्टरीण बाईंना म्हटलं, "जरा ॲक्सिलरेटर दाबा." इंजिन ओरडलं, पण टिकटिक होती त्याच चालीनं राहिली. "एसी बंद करा." थोड्या वेळात टिकटिक मंदावत मंदावत थांबली.

"इंजिनाबरोबर वाढत नाही," मी चाचांना तोंडासमोर जाऊन सांगितलं. "पंख्याबरोबर येते, पंख्याबरोबर जाते. आणि घासत नाही, आपटते. हलकं काहीतरी आहे, वाळलेलं."

"वाळलेलं हे कशावरनं?"

"ओलं असतं तर टिक म्हटलं नसतं, थप म्हटलं असतं."

चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी किल्ली काढून मागितली, खिशात टाकली, कारण असा पंखा कधीही आपोआप फिरू शकतो, आणि टॉर्च घेऊन आत वाकले. लांब चिमट्यानं त्यांनी पंख्याच्या चौकटीतून गुलमोहराच्या शेंगेचा वीतभर तुकडा ओढून काढला. काळा, कडक, आत बिया वाजणारा. डॉक्टरीण बाईंच्या दवाखान्याबाहेर गुलमोहर होता. त्यांनी ती शेंग कागदात गुंडाळून नेली. तिघांना दाखवते म्हणाल्या.

चाचांनी वर तोंड करून चाचींना हाक मारली आणि दोन चहा सांगितले. मग मला म्हणाले, "टिक आणि थप. हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं." त्या दिवशी घरी येताना मी गाडीत एकटीच हसत होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चाचांच्या नातीचा साखरपुडा ठरला. मुलगी-जावई मांजरीला राहतात, उसाच्या शेतांना लागून नवीन इमारती झाल्या आहेत तिथं. चाचांनी कान गेल्यावर गाडी चालवणं स्वतःहून सोडलं होतं. हॉर्न ऐकू येत नाही त्यानं स्टिअरिंगवर बसू नये, हे त्यांचं मत. जावई घ्यायला येणार होता, पण तो पाहुण्यांत अडकला म्हणून चाचींनी मला फोन केला. "बाई, तुम्ही तर येणारच आहात. आम्हाला घेऊन जाल का? एक आमरसाचा डबा आहे. सांडायला नको."

डबा म्हणजे दहा लिटरचा स्टीलचा कॅन होता. चाची मागच्या सीटवर तो दोन्ही पायांत धरून बसल्या. चाचा पुढे, माझ्या शेजारी, पांढऱ्या शुभ्र कुर्त्यावर काळं जाकीट. मी माझी मोरपंखी रेशमी साडी नेसले होते. सकाळचे साडेदहा, आणि ऊन असं की रस्ता पांढरा दिसत होता.

स्वारगेटपर्यंत ठीक. हडपसरच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे ट्रक बंद पडला होता म्हणे. आम्ही मुंगीच्या गतीनं सरकत होतो. चाचा मला नातीच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल सांगत होते, तो कुठे नोकरी करतो, त्याला शेतीची किती माहिती आहे. मी हुं हुं म्हणत होते, आणि मध्येच मला वाटलं, काहीतरी कमी आहे.

मी कान दिला. एसीचा वारा होता, पण तो कोमट झाला होता. चाचींनी मागून पदरानं वारा घेतला. पाच मिनिटं आम्ही जागचे हललो नव्हतो, एवढं ऊन, आणि पंख्याचा दुसरा आवाज आला नव्हता. दुसराच काय, पहिलाही नव्हता. मी समोर बघितलं. तापमानाचा काटा नेहमी मध्यावर असतो, तो वर चढला होता.

चाचा बोलतच होते. त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. पत्र्यावर त्यांचा हात नव्हता.

मी एसी बंद केला. खिडक्या उघडल्या. आणि हीटर पूर्ण लावला.

मे महिना, अकरा वाजलेले, आणि डॅशबोर्डातून गरम वाफाऱ्यासारखा झोत. चाची म्हणाल्या, "अगंबाई, हे काय केलंत? आमरसाची बर्फी व्हायची." चाचा बोलायचे थांबले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सीटला टेकून म्हणाले, "तुम्ही करताय ते करा."

हीटर इंजिनातली थोडी उष्णता आत ओढून घेतो, म्हणून काटा चढायचा थांबतो. हे वहीत होतं. पण वहीतली ओळ आणि पाठीला घामानं चिकटलेली रेशमी साडी यांत फार अंतर असतं. डावीकडे सिग्नल देत, हात बाहेर काढून विनवण्या करत, मी तीन रिक्षा आणि एक बस ओलांडून कडेला आले. एका बंद दुकानासमोर कडुनिंबाचं झाड होतं. सावलीत गाडी उभी केली, इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं. झाकणाला कोणी हात लावला नाही. आम्ही तिघं दुकानाच्या पायरीवर बसलो, मध्ये आमरसाचा कॅन. अर्धा तास. रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघत जात होते, आणि एकानं तर आमरस किती रुपये ग्लास, असं विचारलं. चाची त्याला म्हणाल्या, "साखरपुडा उरकला की सांगते."

मग गाडी निवली तेव्हा मी उठले. "पाणी बघते," म्हटलं. बाटलीत गुलाबी पाणी दोन रेघांच्या मध्ये होतं. खाली गळल्याची खूण नाही. "पाणी आहे. म्हणजे पंखाच," मी म्हटलं. चाचांनी मान हलवली. किल्ली मी ब्लाउजला अडकवलेल्या रुमालात बांधून टाकली होती. फ्यूजचा डबा उघडला, पंख्याचा फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार तुटलेली.

"नवीन घालू?"

"घाला. आणि लगेच परत उडेल," चाचा म्हणाले. "तो उगाच उडाला का?"

बरोबर. ते का झालं ते आधी शोधायचं. मी टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यांत काहीतरी गुंडाळलेलं होतं, कापड, पिळून दोरीसारखं झालेलं. पंख्यानं फिरायचा प्रयत्न केला असणार आणि अडकून बसला. चाचांनी बाह्या सरसावल्या, जाकीट चाचींकडे दिलं, आणि पाच-सात मिनिटं खटपट करून ते ओढून काढलं. तेलानं काळं झालेलं फडकं. त्यांनी ते झटकून पसरलं, तर एका कोपऱ्यात मोठं लाल फूल दिसलं.

चाची पायरीवरून उठल्या. जवळ येऊन त्यांनी ते कापड दोन बोटांत धरलं.

"हा माझ्या पडद्याचा तुकडा आहे," त्या म्हणाल्या.

चाचांनी वाकून ते फूल नीट पाहिलं.

"जुने पडदे फाडून तुम्हाला पुसायला दिले होते ना मी? गेल्या रविवारी बाईंची गाडी कोणी पुसली?"

गेल्या रविवारी माझ्या गाडीची बॅटरी चाचांनी स्वतः साफ केली होती. फडकं बॅटरीच्या मागे राहिलं असणार, आणि आठवडाभर हादरे खात खात पंख्यापर्यंत पोचलं असणार. ते मला म्हणाले, "बाई, पंचेचाळीस वर्षांत..." आणि वाक्य अर्धवट सोडून दिलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग दाढी, मग आवाज आला. चाची तर पायरीवर बसूनच हसत होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण अर्धा तास मी स्वतःला घट्ट आवळून धरलं होतं.

चाचांनीच मला दिलेल्या डबीतून नवीन फ्यूज काढून मी बसवला. गाडी चालू केली, एसी लावला, आणि आम्ही तिघं बॉनेटकडे बघत उभे राहिलो. घूं. सरळ, न तुटता.

"आला," मी म्हटलं.

चाचांनी पत्र्यावर पंजा ठेवला. "हो," म्हणाले. "आला." काटा मध्यावर राहतोय याची दहा मिनिटं खात्री करून घेतली आणि मगच निघालो.

मांजरीला पोचलो तेव्हा तासभर उशीर झाला होता. दारात सगळे काळजीनं उभे. चाचांच्या कुर्त्याच्या दोन्ही बाह्या काळ्या, माझ्या साडीवर ग्रीसचा मोठा डाग, फक्त आमरस जसाच्या तसा. चाचांची मुलगी काही विचारायच्या आत चाचांनीच भर पाहुण्यांत सगळं सांगून टाकलं. आपल्या कानांबद्दल, पडद्याबद्दल, आणि पंखा गप्प झालेला ह्या बाईंनी कसा ओळखला त्याबद्दल. कुठेही स्वतःला वाचवलं नाही. "ह्यांच्या शेजारी बसून मी बडबडत होतो," ते म्हणाले, "आणि ह्या ऐकत होत्या. मला नाही, गाडीला."

जेवण झाल्यावर नवऱ्या मुलाचे वडील माझ्याजवळ आले. मोठे, अदबशीर शेतकरी गृहस्थ. "आपण जरा येता का खाली?" म्हणाले. "आमच्या गाडीचा एक आवाज हाय. कसातरीच येतो."

"कसातरीच म्हणजे कसा?" मी विचारलं. पलीकडे बसलेल्या चाचांनी हे ओठांवरून वाचलं असावं, कारण त्यांनी आमरसाची वाटी खाली ठेवली आणि आमच्याबरोबर उठले.

खाली गेलो. पट्टा होता, नुसता सैल झालेला. दहा मिनिटांचं काम. तोवर निम्मा साखरपुडा पार्किंगमध्ये उतरला होता. नवी नवरीही आली, मेंदीचे हात वर धरून, आणि तिनं मला तिची स्कूटरही ऐकायला लावली.

परतताना उसाच्या शेतांवरून वारा येत होता, म्हणून एसी लावला नाही. मागच्या सीटवर रिकामा कॅन आडवा पडला होता. हडपसर मागं पडल्यावर चाची म्हणाल्या, "बाई, पंचेचाळीस वर्षं मी त्या वासाला कंटाळून खाली येत नाही. पण आज ते पायरीवर फार बरं वाटलं बघा. ऊन एवढं असून."

"मग रविवारी या ना खाली," मी म्हटलं.

"तिसरं स्टूल नाही," चाचा म्हणाले. त्यांना हे कसं ऐकू आलं ते मला माहीत नाही. माझ्याकडे बघत असतील, ओठांवरून वाचलं बहुतेक.

रविवारी मी गेले तेव्हा चाची वरून पाट घेऊन उतरल्या होत्या. नाकाला पदर लावून, दुसऱ्या हातात ऑइलची पट्टी उजेडाकडे धरून त्या मला विचारत होत्या, की दोन खुणांपैकी वरची कुठली आणि खालची कुठली.